‘किती टक्के मिळाले?’ : सरकारी नोकरी, दिव्यांगत्व आणि डॉक्टरांचा दाखला

जिल्हा रुग्णालयात दिव्यांगत्व तपासणीच्या दिवशी बाहेरच्या बाकांवर एक प्रश्न सतत ऐकू येतो : ‘किती टक्के मिळाले?’ दहावीच्या निकालासारखा. चाळीसच्या वर आकडा गेला की घरचे सुटकेचा श्वास सोडतात. अडतीस आला की चेहरे पडतात. पोलिओने बारीक झालेला पाय आकडा कळण्याआधी जेवढा बारीक होता तेवढाच नंतरही असतो, पण त्या आकड्यावर सरकारी नोकरीतल्या राखीव जागेचा दरवाजा उघडतो किंवा बंद होतो.

गंमत अशी, की तोच उमेदवार पुढे निवडला गेला तर त्याला डॉक्टरांकडून दुसरा एक दाखला आणावा लागतो. तो नोकरीसाठी शारीरिकदृष्ट्या पात्र असल्याचा. पहिल्या कागदासाठी आपल्यात किती उणीव आहे हे सिद्ध करायचे आणि दुसऱ्यासाठी त्या उणिवेने काही अडत नाही हे सिद्ध करायचे! अनेकांना हा सरकारी गोंधळ वाटतो. थोडा आहेच. पण त्याच्यामागे साठ-सत्तर वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासात आम्हा डॉक्टर मंडळींची भूमिका बरीच मोठी आहे. रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना हा इतिहास माहीत असला तर हातातला कागद नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे समजायला मदत होते. म्हणून हा लेख.

‘दोष नसलेले’ शरीर

सरकारी सेवेत घेताना वैद्यकीय तपासणी करण्याची पद्धत जुनी आहे. नियमांची भाषा साधारण अशी असते : उमेदवाराची शारीरिक व मानसिक प्रकृती चांगली असावी आणि कर्तव्य नीट बजावण्यात अडथळा येईल असा कोणताही शारीरिक दोष त्याच्यात नसावा. हे वाक्य नीट वाचले तर त्यात काही वावगे नाही. ‘अडथळा येईल असा’ हे शब्द त्यात आहेत. म्हणजे प्रत्येक दोष नव्हे, फक्त त्या कामाच्या आड येणारा दोष.

पण हे ठरवणार कोण? तपासणाऱ्या डॉक्टरसमोर उमेदवाराचे शरीर असते, त्याचे काम नसते. लेखा विभागातला अधिकारी दिवसभर काय करतो, हे त्या डॉक्टरने कधी पाहिलेले नसते. साहजिकच वाक्यातला ‘अडथळा’ गळून पडला आणि ‘दोष’ तेवढा उरला. एक डोळा नाही, म्हणून अपात्र. पाठीला बाक, म्हणून अपात्र. निदान झाले की निकाल लागला.

स्वातंत्र्यानंतर या भिंतीला पहिली खिडकी पडली ती पुनर्वसनाच्या अंगाने, आणि त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. अंधांसाठी काम करणारी राष्ट्रीय संघटना ‘नॅब’ १९५२ साली मुंबईत उभी राहिली. हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ची. अपंगांसाठीचे देशातले पहिले विशेष रोजगार विनिमय केंद्रही १९५९ साली मुंबईतच सुरू झाले. त्या काळात पोलिओच्या साथी नेहमीच्या होत्या. कॅलिपर लावून शिकलेली, पदवी घेतलेली मुले नोकरी शोधत होती. केंद्रात त्यांची नावे नोंदली जात, पण मिळणारी कामे ठरावीक असत. अंध माणूस म्हणजे वेताच्या खुर्च्या विणणारा किंवा फार तर टेलिफोन ऑपरेटर, हे समीकरण इतके पक्के होते की पुढची कित्येक वर्षे ते कुणी तपासलेच नाही.

१९७७ साली केंद्र सरकारने पहिल्यांदा आरक्षण दिले : तीन टक्के. अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग यांना प्रत्येकी एक. पण फक्त गट ‘क’ आणि गट ‘ड’मध्ये, म्हणजे कारकून, शिपाई आणि त्या पातळीची पदे. अधिकाऱ्यांच्या गट ‘अ’ आणि ‘ब’मध्ये काहीच नाही. यामागचा समज कुठे लिहून ठेवलेला नव्हता, पण उघड होता : अपंग व्यक्तीला पोटापुरते काम द्यावे, तिच्या हाती निर्णय कशाला? माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत चिवट समज आहे. पुढचे बहुतेक कोर्टखटले याच भिंतीवर आपटलेले दिसतात.

परीक्षेलाच बसू द्यायचे की नाही

१९८०च्या दशकात सरकारने एक समिती नेमून वरच्या गटांतली कोणती पदे अपंग व्यक्ती सांभाळू शकतील याची यादी करून घेतली. १९८६च्या त्या यादीत चारशेहून अधिक प्रकारची पदे होती. म्हणजे सरकारी कागदावर मान्य झाले होते, की अंध व्यक्ती ही पदे सांभाळू शकते. अडचण एवढीच, की त्या पदांसाठीच्या परीक्षेला तिला बसताच येत नव्हते. केंद्रीय लोकसेवा आयोग ब्रेलमध्ये पेपर लिहू देत नव्हता आणि लेखनिकही देत नव्हता.

अंधांच्या राष्ट्रीय महासंघाने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. १९९३मध्ये निकाल लागला : जी पदे अंध व्यक्तींसाठी योग्य ठरवली आहेत, त्यांच्यासाठी त्यांना नागरी सेवा परीक्षेला बसू द्या, ब्रेलमध्ये लिहू द्या किंवा लेखनिक घेऊ द्या. आज लेखनिक घेऊन परीक्षा देणारा उमेदवार आपल्याला नवीन वाटत नाही. १९९३पूर्वी या परीक्षेत तो दिसणे शक्यच नव्हते.

मग आला १९९५चा अपंग व्यक्ती अधिनियम. त्यासाठी वर्षानुवर्षे मागणी चालू होती. जावेद अबिदी हे या चळवळीतले ठळक नाव. त्यांना जन्मतः स्पायना बिफिडा होता. या आजारात गर्भावस्थेत पाठीचा कणा नीट मिटत नाही, कण्यातल्या नसांना इजा होते आणि पायांतली ताकद कमी-जास्त जाते. व्हीलचेअरवर बसून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीत निदर्शने केली आणि डिसेंबर १९९५मध्ये संसदेने कायदा मंजूर केला. ७ फेब्रुवारी १९९६पासून तो लागू झाला.

त्यात तीन टक्के आरक्षण आता चारही गटांत आले. निदान तसे वाटले. पण कायद्यात दोन कलमे एकामागोमाग होती : कलम ३२ म्हणत होते की सरकारने योग्य पदे ‘सुनिश्चित’ करावीत, आणि कलम ३३ म्हणत होते की तीन टक्के जागा राखून ठेवाव्यात. या दोन कलमांच्या मधल्या फटीत पुढची पंधरा-सतरा वर्षे गेली.

अक्षरांची यादी

पद सुनिश्चित करायचे म्हणजे काय करायचे? प्रत्येक पदासमोर त्या कामाला लागणाऱ्या शारीरिक क्रिया इंग्रजी आद्याक्षरांत लिहायच्या. ‘एस’ म्हणजे बसणे, ‘एसटी’ उभे राहणे, ‘डब्ल्यू’ चालणे, ‘बीएन’ वाकणे, ‘एल’ उचलणे, ‘पीपी’ ओढणे-ढकलणे, ‘केसी’ गुडघे टेकून बसणे, ‘एसई’ पाहणे, ‘एच’ ऐकणे, ‘आरडब्ल्यू’ वाचणे-लिहिणे. मग कोणत्या प्रकारचे अपंगत्व असलेली व्यक्ती हे करू शकेल ते शेजारी लिहायचे. ‘ओए’ म्हणजे एक हात बाधित, ‘ओएल’ म्हणजे एक पाय, ‘बी’ म्हणजे अंध, वगैरे. नोकरीच्या जाहिरातीत ही अक्षरे तुम्ही पाहिली असतील.

डॉक्टर म्हणून मला ही कल्पना मुळात चांगली वाटते. निदान बाजूला ठेवून क्रियेचा विचार करणारी ती पहिली सरकारी पद्धत आहे. पण ती राबवली गेली ती खुर्चीत बसून. फाइल कपाटातून काढायची म्हणून ‘वाकणे’, गठ्ठा सरकवायचा म्हणून ‘ओढणे-ढकलणे’. काम कोणत्या साधनाने, कुणाच्या मदतीने किंवा वेगळ्या रीतीने होऊ शकेल, हा रकानाच नव्हता. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर आल्यावर ‘वाचणे’ आणि ‘पाहणे’ या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. यादीला हे उमगायला बराच वेळ लागला.

इरा सिंघल यांचे उदाहरण गाजलेले आहे. त्यांना स्कोलिओसिस आहे, म्हणजे पाठीचा कणा बाजूला वळलेला. २०१०च्या नागरी सेवा परीक्षेतून त्यांना महसूल सेवा मिळण्याजोगे यश मिळाले, पण नेमणूक नाकारली गेली. कारण काय, तर त्या ओढू, ढकलू, उचलू शकत नाहीत! कर आकारणीच्या कामात काय उचलायचे असते, हा प्रश्न कुणालाही पडावा. त्या केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात गेल्या आणि जिंकल्या. २०१४च्या परीक्षेत तर त्या सर्वसाधारण गटासह संपूर्ण देशात पहिल्या आल्या.

आपल्या उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची गोष्टही अशीच. लहानपणी दृष्टी गेलेली. दादरच्या कमला मेहता अंधशाळेतून सेंट झेवियर्स आणि तिथून दिल्लीचे जेएनयू असा प्रवास. २०१५च्या परीक्षेत ७७३वा क्रमांक आला, रेल्वेची लेखा सेवा मिळाली आणि पूर्ण अंधत्वाचे कारण सांगून रेल्वेने नेमणूक दिली नाही. पुढच्याच वर्षी १२४वा क्रमांक मिळवून त्या आयएएस झाल्या. २०१९मध्ये तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी म्हणून त्यांनी पदभार घेतला. हिशेब तपासण्यासाठी जी दृष्टी कमी पडत होती, ती उपविभाग चालवायला पुरली. दोन वर्षांत त्यांच्या डोळ्यांत काही फरक पडला नव्हता. समोरचा नियम आणि तो वाचणारे लोक तेवढे वेगळे होते.

या दोघी वर्तमानपत्रांत आल्या. ज्यांनी खटला लढवला नाही, दुसऱ्यांदा परीक्षा दिली नाही, त्यांची संख्या कुठेच नोंदलेली नाही.

यादीच केली नाही तर?

आता त्या दोन कलमांमधल्या फटीकडे येऊ. रवी प्रकाश गुप्ता हे पूर्ण अंध उमेदवार २००६च्या नागरी सेवा परीक्षेत उत्तीर्ण झाले. अंध उमेदवारांच्या यादीत त्यांचा क्रमांक पाचवा होता, पण त्यांच्या गटासाठी एकच जागा जाहीर झाली होती. त्यांचे म्हणणे असे, की कायदा १९९६पासून लागू आहे, तेव्हापासूनच्या राखीव जागा मोजल्या तर मला जागा मिळायलाच हवी. सरकारचे उत्तर असे, की ज्या सेवांमधली पदे अजून सुनिश्चितच झालेली नाहीत, त्यांत आरक्षण येणार कुठून? म्हणजे यादी करण्याचे काम सरकारचे, ते केले नाही सरकारने, आणि त्याचा फायदाही सरकारलाच. २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. यादी न करून कायदा निष्प्रभ करता येणार नाही, असा त्या निकालाचा अर्थ होता.

दुसरी मेख आकडेमोडीत होती. २००५च्या एका कार्यालयीन आदेशानुसार गट ‘क’ आणि ‘ड’मध्ये तीन टक्के हे एकूण रिक्त जागांवर मोजले जात, पण ‘अ’ आणि ‘ब’मध्ये फक्त सुनिश्चित पदांवरच्या रिक्त जागांवर. फरक किती पडतो पाहा. समजा हजार जागा भरायच्या आहेत आणि त्यातल्या शंभरच पदांवर ‘योग्य’ असा शिक्का आहे. हजाराचे तीन टक्के म्हणजे तीस. शंभराचे तीन टक्के म्हणजे तीन. ऑक्टोबर २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंधांच्या राष्ट्रीय महासंघाच्याच दाव्यात सांगितले की सर्व गटांत आरक्षण संवर्गातल्या एकूण रिक्त जागांवर मोजायचे. त्यानंतर बिंदुनामावल्या आणि अनुशेष पुन्हा मोजावे लागले. २०१६च्या एका निकालाने, प्रसार भारतीतल्या अभियंत्यांच्या प्रकरणात, पदोन्नतीतल्या जागांनाही हे लागू केले.

आकडा कसा येतो

इथे थोडे थांबून टक्क्यांबद्दल सांगतो, कारण रुग्णांचा सगळ्यात जास्त गैरसमज इथेच असतो.

१९९५च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे होती. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ती एकवीस झाली : सिकलसेल, थॅलेसेमिया, स्नायूंचा ऱ्हास, पार्किन्सन, ॲसिड हल्ल्यातील पीडित, विशिष्ट अध्ययन अक्षमता हे सगळे त्यात आले. आरक्षण चार टक्के झाले. चौथा टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासाठी मिळून आहे. यांना १९९५च्या कायद्याने नोकरीत राखीव जागा दिलीच नव्हती. आरक्षणासाठी ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ लागते, म्हणजे चाळीस टक्के किंवा जास्त. केंद्राने जानेवारी २०२१मध्ये जाहीर केलेल्या यादीत चारही गट मिळून ३,५६६ पदे आहेत. त्यातली १,०४६ गट ‘अ’मधली.

हे टक्के केंद्राने राजपत्रात प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांवरून काढले जातात. सांध्याची हालचाल किती, स्नायूंची ताकद किती, श्रवणआलेखात किती डेसिबल, चांगल्या डोळ्याची दृष्टी किती, असे मोजले जाते. एका व्यक्तीत दोन व्यंगे असली तर ती सरळ मिळवत नाहीत. मोठ्या आकड्याला ‘अ’ आणि लहानाला ‘ब’ म्हटले तर सूत्र असे : अ + ब × (९० − अ) ÷ ९०. तीस आणि वीस टक्के मिळून पन्नास होत नाहीत, त्रेचाळीसच्या आसपास येतात. ‘डॉक्टरांनी माझे सात टक्के कापले’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला हे सूत्र कागदावर मांडून दाखवले की बरेचदा समाधान होते.

पण हे टक्के शरीराचे आहेत, कामाचे नाहीत. पोलिओमुळे एक पाय अशक्त झालेल्या शिक्षकाला आणि वनरक्षकाला तोच आकडा मिळेल, अडचण मात्र दोघांची सारखी नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २००१मध्ये स्वीकारलेल्या वर्गीकरणात हा फरक ठळकपणे मांडला आहे : शरीरातले व्यंग एक, त्यामुळे एखादी क्रिया करण्यात येणारी मर्यादा दुसरी, आणि समाजात सहभागी होण्यात येणारी अडचण तिसरी. तिसरी अडचण रॅम्प, लिफ्ट, सॉफ्टवेअर आणि समजूतदार साहेब यांच्यावरही अवलंबून असते. आपल्या दाखल्यावरचा आकडा बव्हंशी पहिल्या पायरीवर थांबतो.

याचे सगळ्यात बोलके उदाहरण म्हणजे ‘रायटर्स क्रॅम्प’. या आजारात पेन हातात घेऊन लिहायला लागले की बोटांचे आणि मनगटाचे स्नायू आपोआप आखडतात. हात जेवतो, शर्टाची बटणे लावतो, पण लिहिताना अडतो. मेंदूकडून त्या विशिष्ट कामासाठी स्नायूंना जाणारे संदेश बिघडलेले असतात. टेबलावर हात तपासला तर ताकद ठीक, हालचाल ठीक, टक्के जवळजवळ नाहीतच. आता अशा माणसाला तीन तासांचा लेखी पेपर द्यायला बसवा.

विकास कुमार या उमेदवाराचे नेमके हेच झाले. शिक्षणाने ते स्वतः डॉक्टर. नागरी सेवा परीक्षेसाठी त्यांनी लेखनिक मागितला आणि चाळीस टक्क्यांचे प्रमाणपत्र नाही म्हणून तो नाकारला गेला. ११ फेब्रुवारी २०२१ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की चाळीस टक्क्यांची अट राखीव जागेसाठी आहे. लेखनिकासारखी सोय मिळण्यासाठी ती लावता येणार नाही. जागा मर्यादित असतात, तिथे कुठेतरी रेघ ओढावी लागते, हे मला पटते. पण परीक्षेत दुसऱ्याच्या बरोबरीने उतरता यावे यासाठीची मदत ही काही वाटून संपणारी गोष्ट नाही.

मधल्यामध्ये अडकलेले

एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा अगदी चांगला असेल तर सूचनांनुसार दिव्यांगत्व तीस टक्के. म्हणजे आरक्षण नाही. पण कित्येक पदांच्या वैद्यकीय तपासणीत हीच व्यक्ती अपात्र ठरते. दिव्यांग म्हणायला कमी, धडधाकट म्हणायलाही कमी! अशी माणसे दोन्ही रांगांतून परत पाठवली जातात.

रंगांधळेपण हे आणखी एक उदाहरण. लाल-हिरव्यातला फरक न कळणे हा एक्स गुणसूत्रावरून येणारा दोष आहे, म्हणून तो पुरुषांत जास्त दिसतो. एकवीस प्रकारांच्या यादीत तो नाही. तमिळनाडूच्या वीज मंडळात सहायक अभियंता म्हणून निवड झालेल्या एका उमेदवाराची नेमणूक याच कारणाने अडली. कारण वायरींचे रंग. ऑक्टोबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला नेमण्याचा आदेश दिला आणि मंडळाला त्याच्याजोगे काम द्यायला सांगितले. कायद्याच्या व्याख्येबाहेर राहूनही नोकरीपासून वंचित राहणाऱ्या अशा लोकांची दखल त्या निकालात घेतली आहे. अभियंत्याचे प्रत्येक काम काही वायरी ओळखण्याचे नसते.

नोकरीत असताना अपंगत्व आले तर

हा भाग रुग्णांच्या थेट उपयोगाचा आहे, तरी फार कमी जणांना माहीत असतो. पक्षाघात, अपघात, मधुमेहामुळे पाय काढावा लागणे, काचबिंदूने दृष्टी जाणे. असे झाले की पहिली भीती नोकरीची. घरचे लोक अतिदक्षता विभागाबाहेरच विचारतात, ‘आता नोकरीचं काय?’ काही जण घाबरून स्वतःच राजीनामा किंवा स्वेच्छानिवृत्ती लिहून देतात.

सरकारी कर्मचाऱ्याला यातून कायद्याचे संरक्षण आहे आणि ते १९९६पासून आहे. जुन्या कायद्यात ते कलम ४७ होते, नव्यात कलम २०मध्ये आहे : सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या पदावर आणता येत नाही. पूर्वीचे काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यायचे. तेही नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करून त्याला ठेवायचे. कुणाल सिंग हे सीमाभागातल्या एका दलाचे कॉन्स्टेबल. कामावर पायाला जखम झाली, गँगरीन झाले, पाय कापावा लागला. वैद्यकीय मंडळाने कायमचे अपात्र ठरवले आणि त्यांना घरी पाठवण्यात आले. २००३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वैद्यकीय कारणाने निवृत्तिवेतन मिळते म्हणून कलम ४७चे संरक्षण जात नाही.

मानसिक आजारांबाबत हेच तत्त्व आता मान्य होऊ लागले आहे. मंत्रचळेपणा म्हणजे ओसीडी आणि नैराश्य असलेल्या केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या एका अधिकाऱ्यावरची शिस्तभंगाची कारवाई डिसेंबर २०२१मध्ये न्यायालयाने भेदभाव मानली. अजूनही बहुतेक रुग्ण कार्यालयात आपल्या गोळ्यांबद्दल बोलत नाहीत आणि त्यांना मी दोष देत नाही.

हे संरक्षण सरसकट नाही, हेही सांगायला हवे. सरकार काही आस्थापनांना सूट देऊ शकते. ऑगस्ट २०२१मध्ये पोलीस सेवा आणि सशस्त्र दलांतल्या लढाऊ पदांना अशी सूट दिली गेली. त्यावरून वाद झाले आणि मार्च २०२२मध्ये पोलीस सेवेसाठी निदान अर्ज करू देण्याचा अंतरिम आदेश आला.

न्यायाधीशाचे डोळे

मध्य प्रदेशच्या न्यायिक सेवा नियमांत अंध आणि अल्पदृष्टी उमेदवारांना वगळणारा एक नियम होता. एका दृष्टिबाधित उमेदवाराच्या आईने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले आणि ३ मार्च २०२५ला तो नियम रद्द केला. केवळ दृष्टी नाही म्हणून कुणालाही न्यायाधीशपदापासून दूर ठेवता येणार नाही. नेत्रतज्ज्ञाने लिहिलेले निदान खरेच होते, त्यावर कुणी वाद घातला नाही. वाद होता तो त्या निदानावरून न्यायनिवाड्याच्या क्षमतेबद्दल काढलेल्या निष्कर्षाचा.

२०२४मध्ये महाराष्ट्रातल्या एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून देशभर गदारोळ झाला, तेव्हापासून सगळ्याच दाखल्यांकडे संशयाने पाहिले जाते. खोट्या प्रमाणपत्रांची तपासणी व्हायलाच हवी. पण फेरतपासणीसाठी पुन्हा पुन्हा जिल्ह्याच्या गावी जायचा त्रास खोटे प्रमाणपत्र घेणाऱ्यापेक्षा खऱ्या दिव्यांग माणसाला जास्त होतो. तेव्हा तुमचे ‘यूडीआयडी’ म्हणजे स्वावलंबन कार्ड, मूळ तपासणीचे अहवाल, श्रवणआलेख, एक्स-रे हे सगळे जपून ठेवा. नोकरीसाठीच्या तपासणीला जाताना त्या पदाची जाहिरात आणि त्यातली ती अक्षरेही सोबत न्या, आणि तुम्ही कोणते काम कसे करता हे डॉक्टरांना आपणहून सांगा, जमल्यास करून दाखवा. ‘अपात्र’ असा शेरा मिळाला तर कारण लेखी मागा आणि फेरतपासणीसाठी अपील किती दिवसांत करायचे ते तिथेच विचारा.

विकास कुमार निकालानंतर १० ऑगस्ट २०२२ला सामाजिक न्याय मंत्रालयाने चाळीस टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असलेल्या, पण लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवारांसाठी नियम काढले. त्यासोबत दाखल्याचा एक नमुना आहे. आजारामुळे या व्यक्तीच्या लिहिण्यावर मर्यादा येते, एवढे डॉक्टरांनी त्यात प्रमाणित करायचे असते. उमेदवार कोणते साहाय्यक साधन वापरतो आणि परीक्षेला बसण्यासाठी ते आवश्यक आहे, हे लिहायलाही त्यात एक ओळ ठेवली आहे. २०२२च्या त्या नियमांनुसार दाखला जास्तीत जास्त सहा महिने चालत असे. रायटर्स क्रॅम्प सहा महिन्यांत सहसा जात नाही, त्यामुळे पुढच्या परीक्षेच्या वेळी पुन्हा यावे लागत असे.